चित्र आणि न्हाणीघर

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यातील एका खासगी बँकेत बऱ्याच वरच्या हुद्द्यावर आहे. धनिक ग्राहकांनी आपला पैसा कोठे गुंतवावा याचा सल्ला देणे हे त्याचे काम. गेल्या महिन्यात त्याने मला गुळगुळीत कागदावर छापलेली एक पुस्तिका पाठवली आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी : ‘सर, एक ग्राहक विचारतो आहे, त्याला काय सांगावे? अर्थशास्त्र तुम्ही शिकवलेत, म्हणून तुम्हालाच विचारतो.’

पुस्तिकेत संग्राहकांसाठी विक्रीस काढलेल्या युरोपीय तैलचित्रांची यादी होती. चौदाव्या पानावर नदीकाठी स्नान करणाऱ्या चार स्त्रियांचे चित्र छापलेले. चित्र वाईट नव्हते. झाडांची सावली पाण्यावर पडल्याने पाण्याला जो हिरवट काळपटपणा येतो, तो चित्रकाराने मन लावून टिपला होता. पण चित्रकाराचे नाव कोठेच नव्हते. ‘जुने’, ‘इम्प्रेशनिस्ट धर्तीचे’, ‘दुर्मीळ’ अशी विशेषणे होती, आणि शेवटी ‘वाढत्या मूल्याची मत्ता’ असे शब्द होते. चित्रांच्या व्यापारात ‘अमक्याचे’, ‘अमक्याचे मानले जाणारे’, ‘अमक्याच्या संप्रदायातील’ आणि ‘अमक्याच्या धर्तीचे’ या चार शब्दप्रयोगांत कोटींपासून हजारांपर्यंतचे अंतर असते. आपल्या पुस्तिकेतील चित्र चौथ्या पायरीवरचे होते आणि किंमत मात्र दुसऱ्या पायरीची सांगितलेली होती.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला अर्थशास्त्रात उत्तर आहे आणि ते फार जुने आहे. रिकार्डोने १८१७ साली आपला ग्रंथ लिहिताना पहिल्याच प्रकरणात काही वस्तू श्रममूल्याच्या विचारातून बाजूला काढून ठेवल्या. दुर्मीळ पुतळे, चित्रे, जुनी पुस्तके, नाणी. कितीही श्रम केले तरी यांची संख्या वाढवता येत नाही, म्हणून यांची किंमत केवळ दुर्मीळपणावर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर व हौसेवर ठरते, असे त्याचे म्हणणे. रिकार्डो स्वतः रोखेबाजारात गडगंज झालेला माणूस होता. कोणत्या वस्तूची किंमत हवेत तरंगते आणि कोणत्या वस्तूची जमिनीला टेकलेली असते, हे त्याला पुस्तकाबाहेरही कळत होते. चित्र व्याज देत नाही, लाभांश देत नाही, भाडे देत नाही. उलट विमा मागते, कोरडी हवा मागते, आणि लिलावात घेतले तर मोठी लिलावगृहे हातोडा पडलेल्या किमतीवर वीस-पंचवीस टक्के आणखी मागतात. विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८६ साली तीन शतकांतील चित्रविक्रीचे आकडे तपासले. महागाई वजा जाता चित्रांवरचा परतावा वर्षाला सुमारे ०.५५ टक्के निघाला, म्हणजे साध्या सरकारी रोख्यांपेक्षाही कमी. वर्तमानपत्रांत येतात ते जिंकलेल्यांचे आकडे. माळ्यावर पडून राहिलेल्या चित्रांची बातमी कोण छापणार?

एक उदाहरण मात्र मुद्दाम सांगण्यासारखे आहे, कारण त्यात पैसा कामगारांचा होता. १९७४ साली ब्रिटनमध्ये महागाई बेफाम झाली आणि शेअरबाजार कोसळला, तेव्हा ब्रिटिश रेल्वेच्या निवृत्तिवेतन निधीने कलावस्तू विकत घेण्याचे ठरवले. पुढील काही वर्षांत सुमारे चार कोटी पौंडांच्या दोन हजारांहून अधिक वस्तू घेतल्या गेल्या. सांधेवाल्यांच्या, फायरमनच्या, हमालांच्या म्हातारपणाची पुंजी चिनी भांड्यांत आणि फ्रेंच चित्रांत गेली. त्यात रेन्वाचे ‘ला प्रोमनाद’ होते. निधीचे नशीब चांगले : इम्प्रेशनिस्ट चित्रे १९८९ च्या एप्रिलमध्ये विकली गेली, जपानी पैशाचा पूर अगदी काठोकाठ आला होता तेव्हा. पुढच्याच वर्षी, मे १९९० मध्ये, र्योएई सैतो नावाच्या जपानी कागद-कारखानदाराने दोन दिवसांच्या अंतराने व्हॅन गॉगचे एक चित्र ८.२५ कोटी डॉलर्सना आणि रेन्वाचे एक ७.८१ कोटी डॉलर्सना घेतले, आणि त्यानंतर तो पूर ओसरला. रेल्वे निधीला सर्व हिशेब होऊन महागाईवर वर्षाला सुमारे चार टक्के सुटले. यातला बराचसा भाग त्या एका एप्रिल महिन्याची कमाई होती. विक्री दोन-तीन वर्षे लांबली असती, तर ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शनरांनी काय म्हटले असते याची कल्पना करावी.

विद्यार्थ्याला एवढे कळवून प्रकरण मिटले असते. पण त्याच सुमारास आपल्या तालुक्याच्या अभ्यासवर्गात मी ही पुस्तिका दाखवली, आणि मला हा लेख लिहावासा वाटला तो तेथे जे घडले त्यामुळे. एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, “प्राध्यापक, ज्या वस्तीत बाईला आडोशाला अंघोळ करायला चार फूट जागा नाही, त्या देशात अंघोळ करणाऱ्या बायांच्या चित्राला लाखो रुपये? हे चित्र पेटवून द्यायच्या लायकीचे आहे.” टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली. परळच्या चाळीतील एका खोलीत माझे बालपण गेले. सात माणसे आणि कोपऱ्यात एक मोरी. आई किंवा बहीण अंघोळीला बसली की आम्ही मुले जिन्यात जाऊन उभे राहत असू, आणि पावसाळ्यात जिना गळत असे. त्या मुलाचा संताप मला समजावून घ्यावा लागला नाही. तरी घरी आल्यावर माझी टाळी मलाच टोचू लागली.

हा युक्तिवाद नवा नाही. अगदी याच शब्दांत तो १९३७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला होता. तेथील संग्रहालयाने पॉल सेझानचे ‘स्नान करणाऱ्या स्त्रिया’ हे मोठे चित्र १,१०,००० डॉलर्सना विकत घेतले. सेझान १९०६ मध्ये वारला तोपर्यंत काही वर्षे हे चित्र रंगवीत होता आणि ते अपुरेच राहिले. सात फूट उंच, आठ फुटांहून रुंद. झाडांची कमान, खाली नदी आणि काठावर अवजड, ओबडधोबड वाटाव्यात अशा स्त्रिया. ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’ या वर्तमानपत्राने गहजब केला : शहरातील एक दशांश लोकांकडे, ४१,००० ठिकाणी, न्हाणीचा टब नाही, आणि तुम्ही न्हाणाऱ्या बायांचे चित्र विकत घेता? काळ महामंदीचा. बेकारांच्या रांगा लागलेल्या. हा सवाल कोणाला पटला नसता?

मास्तरकी अंगात मुरलेली असल्यामुळे मी कागद घेऊन भागाकार केला. १,१०,००० भागिले ४१,०००. दर घरामागे २ डॉलर ६८ सेंट. तेवढ्यात टब सोडाच, नळाचे काम करणाऱ्याची मजुरीही भागली नसती. शिवाय तो पैसा विल्स्टॅक कुटुंबाच्या मृत्युपत्रातून चित्रे घेण्यासाठीच ठेवलेला होता. त्यातून टब घेताच आला नसता. आणि त्या घरांत टब का नव्हते? सेझानमुळे नव्हे. भाडेकऱ्यांकडून भाडे घ्यायचे आणि दुरुस्तीवर दमडी खर्चायची नाही हा घरमालकांचा रिवाज, त्याला हात न लावणारी नगरपालिका आणि घराला माल समजणारी व्यवस्था, ही ती कारणे. वर्तमानपत्राने यांच्यापैकी कोणालाही धारेवर धरण्याऐवजी संग्रहालयाला धरले. भांडवली वृत्तपत्रांची ही जुनी हातोटी आहे : गरिबाच्या हातात एक खरा सवाल द्यायचा आणि त्याचे तोंड चुकीच्या दाराकडे वळवायचे.

त्याच शहरात न्हाणीघराचा प्रश्न कोणी सोडवला, ते पाहावे. फिलाडेल्फियात मोजे विणणाऱ्या कामगारांची जंगी संघटना होती. १९३० च्या संपात कार्ल मॅकली नावाचा तरुण संपकरी मारला गेला. संघटनेने पुढे केंद्र सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे कर्ज मिळवून आपल्या सभासदांसाठी २८४ घरांची वसाहत बांधली आणि तिला त्याचे नाव दिले. १९३५ च्या प्रारंभी तेथे लोक राहायला आले. घरात न्हाणीघर होतेच, गच्चीवर कपडे धुण्याची सोय होती, सभागृह होते, आणि पोहण्याचा तलावही होता. सरकारी पैशातून मोजेवाल्यांना तलाव कशाला, असे म्हणणारेही त्या काळी असतीलच. १९३७ सालीच अमेरिकेच्या काँग्रेसने सार्वजनिक गृहनिर्माणाचा कायदा संमत केला. त्यामागे अशा संघटनांचा रेटा होता. म्हणजे टब आणि तलाव आणणारे लोक त्या शहरात होते. ते संग्रहालयाच्या दारात दगड घेऊन उभे नव्हते; ते कर्जाचे अर्ज आणि इमारतीचे नकाशे घेऊन वॉशिंग्टनला खेटे घालीत होते.

आपल्या तरुण मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “ठीक आहे, पण चित्राशी आमचा संबंध काय?” हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता. त्याचे उत्तर मी दुसऱ्या एका स्नानचित्राने देईन.

लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात जॉर्ज स्यूराचे ‘आनिएर येथील स्नान’ हे चित्र आहे. एका परिषदेच्या निमित्ताने लंडनला जाणे झाले तेव्हा मी ते पाहिले. प्रवेश फुकट असल्यामुळे दोन दिवस लागोपाठ गेलो. स्यूराला रूढ अर्थाने इम्प्रेशनिस्ट म्हणणे पंडितांना मान्य होणार नाही; तो त्यांच्यानंतरचा. पण तो वाद त्यांनाच लखलाभ. चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. रंगवले १८८४ साली, तेव्हा चित्रकार चोवीस वर्षांचा होता. पॅरिसच्या बाहेर सीन नदीच्या काठावर तरुण आणि पोरे उन्हात बसली आहेत, काही पाण्यात आहेत. काठावर बूट आणि उतरवलेल्या कपड्यांचा ढीग. गोल टोपी घातलेला एक माणूस आडवा पडला आहे, शेजारी तपकिरी कुत्रा. पाण्यातला एक पोरगा ओंजळ तोंडाशी धरून हाळी देतो आहे. मागे पूल आणि त्यामागे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी. ही माणसे राजवाड्यातली नव्हेत. त्यांच्या पाठीचा बाक आणि बसण्याची ढब ओळखीची वाटते. पलीकडून एका होडीतून झकपक पोशाखाचे जोडपे चालले आहे, होडीवर फ्रान्सचा तिरंगा. याच परिसरात पॅरिसच्या मोठ्या गटाराचे तोंड नदीत उघडत असे. कष्टकऱ्याच्या वाट्याला आलेली नदी अशी होती, आणि तिच्या काठची सुटीतली दुपार एवढ्या मोठ्या आकारात, एवढ्या गांभीर्याने कोणी रंगवावी हे त्या काळच्या परीक्षकांना रुचले नाही. एवढे मोठे कापड देवदेवता आणि सेनापती यांच्यासाठी राखलेले असे. अधिकृत प्रदर्शनाने चित्र नाकारले. मग स्वतंत्र कलावंतांनी भरवलेल्या प्रदर्शनात ते लागले, तेही उपाहारगृहात.

स्यूरा एकतिसाव्या वर्षी वारला. पुढे हे चित्र फेलिक्स फेनेआँ या समीक्षकाकडे आले. हा गृहस्थ युद्धखात्यात कारकून होता आणि विचाराने अराज्यवादी. १८९४ मध्ये अराज्यवाद्यांवर जो मोठा खटला झाला त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून निर्दोष सुटलेला. अखेर १९२४ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी, ते ब्रिटिश जनतेच्या मालकीचे झाले.

आणि कोणाच्या पैशाने? सॅम्युएल कोर्टोल्डच्या. त्याने आधुनिक फ्रेंच चित्रांसाठी १९२३ मध्ये ५०,००० पौंडांचा निधी दिला होता. कोर्टोल्ड घराण्याची संपत्ती रेयॉनची, म्हणजे कृत्रिम रेशमाची. (आपल्याकडे व्यापारी ज्याला ‘आर्ट सिल्क’ म्हणतात, त्यातल्या ‘आर्ट’चा कलेशी काही संबंध नाही, तो ‘कृत्रिम’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तुकडा आहे. पण या गोष्टीत तो शब्द विचित्र रीतीने खरा ठरतो.) रेयॉन करताना लाकडाच्या लगद्यावर कार्बन डायसल्फाइड हे द्रव्य वापरावे लागते. त्याची वाफ मज्जातंतूंवर जाते, बुद्धीवर जाते. अनेक देशांतील रेयॉन कामगारांच्या आजारांच्या नोंदी वैद्यकाच्या ग्रंथांत आहेत. कल्याणजवळ शहाड-मोहने भागात, उल्हास नदीच्या काठी, आपल्याकडेही हा धंदा उभा राहिला, आणि त्या गंधाची आठवण सांगणारे कामगार आजही भेटतात. नदीकाठी विसावलेल्या श्रमिकांचे चित्र अशा रीतीने श्रमिकांच्या फुप्फुसांतून आणि मज्जांतून निघालेल्या पैशावर संग्रहालयात पोहोचले. मग ते आपले नव्हे काय? माझे म्हणणे उलट आहे. ज्याचे मोल आपल्याच लोकांनी चुकते केलेले आहे, ते दुसऱ्याचे म्हणून सोडून द्यायचे कशासाठी?

मी गेलो त्या दिवशी त्या चित्रासमोर शाळेतली पंधरा-वीस मुले जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि कुत्र्याचे नाव काय असेल यावर भांडत होती.

सरकारच्या रसिकतेबद्दल मला भ्रम नाही. १८९४ मध्ये गुस्ताव कायबोत हा चित्रकार वारला. सैन्याला कापड पुरवून त्याच्या घराण्याने पैसा केला होता, आणि त्या पैशातून त्याने मित्रांची चित्रे घेऊन ठेवली होती. ती सर्व त्याने मृत्युपत्राने फ्रेंच सरकारला दिली. फुकट. दोन वर्षे वादावादी करून सरकारने साठांहून अधिक चित्रांतील जेमतेम चाळीस स्वीकारली. नाकारलेल्यांत सेझानचे ‘विसावलेले स्नानार्थी’ होते. ते पुढे अमेरिकेत बार्न्स या औषध-कारखानदाराच्या संग्रहात गेले. हा बार्न्स मोठा विक्षिप्त आणि भांडखोर. पण कारखान्याच्या भिंतींवर चित्रे लावून तो कामाच्या वेळेतच कामगारांचे चर्चावर्ग घेत असे, आणि त्याच्या संस्थेच्या शिक्षणकार्याची धुरा त्याने जॉन ड्यूई यांच्याकडे दिली होती, म्हणजे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लाभलेल्या गुरूकडे. सरकारने जे फुकट नाकारले त्यासमोर बसून हे वर्ग पुढे भरत राहिले.

याच्या उलट मातीसची गोष्ट. १८९९ साली हा चित्रकार कफल्लक होता, तरी सेझानचे ‘तीन स्नान करणाऱ्या स्त्रिया’ हे छोटे चित्र त्याने विकत घेतले. त्यासाठी पत्नीची अंगठी गहाण पडली. पुढील सदतीस वर्षे, भरभराट झाली तेव्हाही, त्याने ते विकले नाही. १९३६ मध्ये पॅरिस शहराला देऊन टाकले. अडचणीच्या काळात या चित्राने आपल्याला धीर दिला, असे त्याने देताना कळवले होते. संग्राहक हा शब्द वापरायचाच तर या माणसासाठी वापरावा.

आता आपल्या चळवळीने काय मागावे? चित्रे पेटवण्याची भाषा सोडून द्यावी, हे पहिले. दुसरे, कराकडे पाहावे. फ्रान्सने १९६८ च्या अखेरीस कायदा करून वारसांना वारसाकर रोख रकमेऐवजी कलाकृतींच्या रूपाने भरण्याची मुभा दिली. पॅरिसचे पिकासो संग्रहालय त्यातूनच १९८५ मध्ये उभे राहिले. ब्रिटनमध्येही तशी सोय आहे. आपण काय केले? १९५३ चा मालमत्ता-वारसाकर त्याच १९८५ सालात रद्द केला आणि २०१५ च्या अंदाजपत्रकात संपत्तीकरही गुंडाळला. वसुलीचा खर्च मोठा आणि उत्पन्न मात्र थोडे, हे दोन्ही वेळा दिलेले कारण. कर चुकवणाऱ्याला पकडता येत नाही म्हणून कर नको, या तर्काने उद्या फौजदारी कायदाही मागे घेता येईल. वारसाकर पुन्हा आणावा आणि तो चित्रे, हस्तलिखिते, शिल्पे देऊन भरण्याची तरतूद त्यात असावी, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात यायला हवी. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ १.३७५ कोटी डॉलर्सना गेले. त्याआधी ते कित्येक दशके ऑस्लोच्या एका रुग्णालयात होते. आपल्या चित्रकारांच्या कामाला असे भाव येऊ लागले असताना सार्वजनिक संग्रहालये आपल्या तुटपुंज्या तरतुदीतून ते विकत घेऊ शकतील, ही आशा व्यर्थ आहे. कराच्या वाटेनेच काही येईल.

आणि येईल ते ठेवायला जागा हवी. ती मुंबई-दिल्लीतच हवी असे नाही. सातारा जिल्ह्यातील औंध हे गाव केवढे! तेथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये टेकडीवर संग्रहालय उभारले. रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प पाहायला खेड्यातली माणसे देवीच्या दर्शनाला येता येता तेथे डोकावतात. लगेच पुढच्या वर्षी याच राजाने आपले अधिकार प्रजेच्या पंचायतींकडे सोपवले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला सुचल्या, याचे मला नवल वाटत नाही. आपल्या जिल्हा शिबिरांना येणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी औंध पाहिले आहे, हे मात्र एकदा विचारून पाहणार आहे.

सीन नदीत पॅरिसकरांना स्नान करण्यास १९२३ पासून बंदी होती. सुमारे १.४ अब्ज युरो खर्चून नदी स्वच्छ करण्यात आली आणि २०२५ च्या जुलैत शहरात तीन ठिकाणी लोकांना पुन्हा पाण्यात उतरता आले. तो पैसाही सार्वजनिकच. अभ्यासवर्गातील त्या मित्राला मी हे वृत्त कात्रण करून पाठवले. ‘उल्हास आणि मुळा-मुठेचे काय ते लिहा,’ असे त्याचे उत्तर आले. लिहीन.

विद्यार्थ्याला मी कळवले की, तुझ्या ग्राहकाला हे चित्र आवडत असेल तर त्याने ते घ्यावे आणि घरात टांगावे. मत्ता म्हणून घ्यायचे असेल तर पोस्टाची बचत बरी. शिवाय विचारले की, चित्र तो कोठे लावणार आहे? चार दिवसांनी उत्तर आले. चित्र भारतात येणारच नाही. जिनिव्हातील एका करमुक्त गोदामात ते आज आहे आणि विक्रीनंतरही तेथेच, त्याच खोलीत राहील. बदलेल ते फक्त कागदावरचे नाव. ग्राहकाने ते प्रत्यक्ष पाहिलेले नाही. चौदाव्या पानावरचा फोटो त्याला पुरेसा वाटला.